अंधश्रद्धेची किंमत कोण मोजतं?

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले, तेव्हा कोकणात लाल विंचू चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे नेत. तिथे गुण आला नाही तर मग दवाखाना. तोवर रात्र उलटलेली असे, रुग्ण घामाने निथळत असे आणि हातपाय गार पडलेले असत. त्या काळी डॉक्टरांकडेही द्यायला फारसं काही नव्हतं. प्रकृती गंभीर झालेल्यांपैकी जवळपास तिसरा हिस्सा दगावत असे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, घाम, श्वास यांच्या नोंदी ठेवल्या. त्यांतून दिसलं ते असं, की माणूस वेदनेने मरत नाही. विषामुळे रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय थकतं आणि फुप्फुसांत पाणी भरतं. १९८२ मध्ये त्यांची निरीक्षणं ‘लॅन्सेट’मध्ये आली. पुढे रक्तवाहिन्या सैल करणारी प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली आणि मृत्यूंचं प्रमाण काही टक्क्यांवर आलं.

अंधश्रद्धेचा आढावा या गोष्टीपासून सुरू करायचं कारण मांत्रिकाच्या यशात आहे. त्याला यश येत होतं, हे आपण सहसा कबूल करत नाही. विंचवाचा प्रत्येक दंश जीवघेणा नसतो. बहुतेकांना काही तास असह्य कळा येतात आणि त्या आपोआप ओसरतात. मांत्रिक पाला फिरवत बसलेला असतानाच त्या ओसरल्या, की विंचू उतरला. सापाचंही तेच. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चार साप सर्वाधिक बळी घेतात. बाकीचे बरेचसे बिनविषारी, आणि विषारी सापाच्याही दर चाव्यात विष उतरतंच असं नाही. त्यामुळे देवळात आणून निजवलेला माणूस पहाटे उठून घरी चालत गेला, हे गावाने खरोखर डोळ्यांनी पाहिलेलं असतं. गेलेल्यांबद्दल ‘उशीर झाला’, ‘पथ्य मोडलं’, ‘वेळच भरली होती’ अशी उत्तरं तयार असत. किती आले, किती वाचले, काही न करताही किती वाचले असते, हे मात्र कोणी मोजत नव्हतं. गावकरी अनुभवावरच विश्वास ठेवत होते, फक्त तो अनुभव अर्धा होता. बावस्करांनी उरलेला अर्धा वहीत उतरवला. वैज्ञानिक विचार म्हणतात तो मुळात एवढाच आहे, आणि एवढाच फार अवघड आहे.

रोजच्या जगण्यातल्या समजुतींची यादी करायला बसलं तर पानं पुरणार नाहीत. मांजर आडवं गेलं, पाल चुकचुकली, निघताना कोणी ‘कुठे?’ विचारलं, शनिवारी दुकानाला लिंबू-मिरची बांधायची राहिली, पितृपंधरवड्यात गाडी घ्यायची नाही, बाळाची मीठ-मोहरीने दृष्ट काढायची, पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते म्हणून पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. यांतल्या पुष्कळ गोष्टी निरुपद्रवी आहेत, काही तर लोभस आहेत. आजी नातवावरून मूठ ओवाळते तेव्हा तिच्या हातात मोहरीपेक्षा माया जास्त असते. तिच्यावर विज्ञानाचा बडगा उगारणाऱ्याला विज्ञानही कळलेलं नाही आणि आजीही.

माणूस असं का वागतो, यावर मानववंशशास्त्रज्ञ मालिनोव्स्कीने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रोब्रिअंड बेटांवर टिपलेलं निरीक्षण अजून टवटवीत आहे. तिथले कोळी बेटालगतच्या शांत, उथळ पाण्यात मासे धरताना मंत्रतंत्राच्या वाटेला जात नसत. भर समुद्रात, जिथे जीव जाऊ शकतो आणि जाळं रिकामं येऊ शकतं, तिथे जाताना मात्र सगळे विधी साग्रसंगीत व्हायचे. कौशल्य संपतं आणि नशीब सुरू होतं त्या सीमेवर विधी उगवतात. ही सीमा आपल्याकडेही जागोजाग दिसते. ट्रकच्या बंपरवर काळी बाहुली असते, फलंदाज एक पॅड नेहमी आधी बांधतो, पावसाची वाट पाहणारा कोरडवाहू शेतकरी वर्षाच्या भाकणुकीकडे कान लावतो आणि परीक्षेच्या हॉलबाहेर मुलं अंगारा लावतात. ज्याच्या हातात काहीच नाही त्याला काहीतरी केल्याचं समाधान हवं असतं. यात मूर्खपणा नाही. ज्या समाजात आजारपण म्हणजे कर्ज आणि कर्ज म्हणजे जमीन जाणं, तिथे अनिश्चितता मोठी असणार आणि तिच्यावर पोसलेला धंदाही मोठाच असणार.

हा धंदा महाराष्ट्रात फार आधी ओळखला गेला. जोतीराव फुल्यांच्या १८५५ च्या ‘तृतीय रत्न’ नाटकात जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालतो आणि ते अडाणी जोडपं खर्चाच्या खड्ड्यात जातं. ‘ब्राह्मणांचे कसब’मध्ये (१८६९) जन्मापासून मरणापर्यंत शेतकऱ्याच्या खिशातून पैसा कसा काढला जातो, याचा जवळजवळ हिशोबच आहे. फुल्यांचा प्रश्न ग्रह खरे की खोटे एवढाच नव्हता. पैसे कोणाच्या घरातून निघाले आणि कोणाच्या घरात गेले, असा त्यांचा प्रश्न होता. आगरकरांनी ‘सुधारका’तून (१८८८) बुद्धीला साद घातली, र. धों. कर्व्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ १९२७ पासून चालवताना शरीराबद्दलच्या अज्ञानावर बोट ठेवलं. पण बहुजनांपर्यंत सर्वांत खोल पोचले ते गाडगेबाबा. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. कीर्तनात ते निष्कर्ष सांगत नसत, समोरच्या गर्दीला प्रश्न विचारत आणि उत्तर तिच्याच तोंडून काढून घेत. नवसाचं कोंबडं-बकरं, कर्ज काढून केलेलं तेरावं, अस्वच्छता, हे सगळं त्यांनी लोकांच्याच भाषेत आणि लोकांच्याच कीर्तनात बसवलं. देवाला शिव्या न देता देवाच्या नावावरची लूट दाखवता येते, हे त्यांच्याइतकं कोणी सिद्ध केलेलं नाही.

स्वातंत्र्यानंतर हे काम संस्थांकडे आलं. मराठी विज्ञान परिषद १९६६ ची. राज्यघटनेत १९७६ च्या ४२व्या दुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोन अंगी बाणवणं हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य ठरलं. १९८९ मध्ये डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली. चमत्कार सिद्ध करणाऱ्याला समितीने जाहीर केलेलं २१ लाखांचं बक्षीस गाजलं, पण समितीचं खरं मोल मला गावोगावच्या कार्यकर्त्यांच्या चिवट, बिनबोभाट कामात दिसतं.

फलज्योतिषाची एक चाचणी इथे थोडी सविस्तर सांगायला हवी, कारण या विषयावर वर्षानुवर्षं होणाऱ्या वादांपेक्षा ती एकटी अधिक शिकवते. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, फलज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे आणि दाभोलकर यांनी पुण्यात ती आखली. दोनशे मुलांच्या जन्मवेळा मिळवून पत्रिका तयार केल्या. त्यांतली शंभर मुलं शाळेत चमकणारी, शंभर मतिमंद. ज्योतिषांना आवाहन केलं, की चाळीस पत्रिका घ्या आणि कोणती कोणत्या गटातली ते सांगा. केवळ नाणं उडवून उत्तरं दिली तरी चाळिसात वीसच्या आसपास बरोबर यावीत; अट्ठावीस आली तर शास्त्रात तथ्य मानायचं, हे आधीच ठरलं होतं. ज्योतिषांच्या संघटनेतून बहिष्काराचं आवाहन झालं, तरीही २७ जणांनी उत्तरं पाठवली. सर्वांत चांगला निकाल चोवीसचा. सगळ्यांची सरासरी विसाच्याही खाली. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे पत्रिका तपासल्या आणि १०२ बरोबर ओळखल्या. निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

मला या चाचणीत निकालापेक्षा तिची बांधणी महत्त्वाची वाटते. कोणाची टिंगल केली नाही, कोणाच्या श्रद्धेला हात लावला नाही. ज्योतिषी जे करू शकतो असं मानलं जातं, तेच करायला सांगितलं, आणि हरलं म्हणजे काय, जिंकलं म्हणजे काय, हे उत्तरं उघडण्याआधी कागदावर लिहिलं. भविष्य खरं ठरल्याचे अनुभव सगळ्यांकडे असतात, कारण खोटी ठरलेली भविष्यं कोणी आठवणीत ठेवत नाही. त्या विसरभोळेपणावर उपाय एकच, सगळी उत्तरं मोजायची. ही चाचणी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात असायला हवी होती. पण वारं आधीपासूनच उलटं होतं. २००१ मध्येच विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांत ज्योतिर्विज्ञानाचे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं होतं, आणि त्याविरुद्ध शास्त्रज्ञ पुष्प भार्गव यांनी केलेलं अपील २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फेटाळलं गेलं.

शिक्षण वाढलं की अंधश्रद्धा आपसूक जाईल, ही समजूत आता सोडून दिलेली बरी. वास्तुदोष काढण्यासाठी चांगलं स्वयंपाकघर फोडणारे, मुहूर्तावर सिझेरियन करा म्हणून डॉक्टरांना गळ घालणारे, मंगळ आहे म्हणून शिकलेल्या मुलीचं स्थळ नाकारणारे लोक पदवीधर असतात, पुष्कळदा विज्ञानशाखेचे. याचं मूळ मला शाळेच्या प्रयोगवहीत दिसतं. आपल्याकडे मुलं प्रयोग करण्याआधी निष्कर्ष लिहितात. लंबकाचं उत्तर पुस्तकात दिलेलं असतं. हाती आलेले आकडे त्याच्याशी जुळले नाहीत तर आकडे बदलायचे, सही घ्यायची, पुढच्या प्रयोगाकडे वळायचं. दहा-बारा वर्षं असं विज्ञान शिकलेल्या माणसाला सूत्रं येतात, पण आपण चुकलो असू शकतो ही शक्यता तपासण्याची सवय लागत नाही. मग भ्रमणध्वनीवर ‘नासाने सिद्ध केलं’ अशा मथळ्याखाली काहीही आलं तरी तो ते पुढे पाठवतो. ऊर्जा, लहरी, कंपनं, क्वांटम असे शब्द लावले की जुनाच गंडा नव्या वेष्टनात विकला जातो, आणि त्यापायी कर्करोगाच्या रुग्णाचे उपचाराचे मोलाचे महिने वाया जातात.

ग्रहण हे या दुहेरी मनाचं सर्वांत स्पष्ट उदाहरण. पंचांगाच्या एकाच पानावर स्पर्श, मध्य आणि मोक्ष यांच्या मिनिटागणिक वेळा असतात आणि त्याखाली वेध कधी लागतात, गर्भवतीने काय करू नये, कोणत्या राशीला अनिष्ट, तेही असतं. वरचा भाग गणिताचा आहे आणि तो दर वेळी खरा ठरतो. खालचा भाग त्याच्याच विश्वासार्हतेवर उभा राहतो. खरं तर पंचांगाचं गणित आकाशाशी ताडून सुधारण्याची मोठी परंपरा आपल्याकडे आहे. व्यंकटेश बापूजी केतकर, लोकमान्य टिळक यांनी त्यासाठी वाद घातले. मेघनाद साहांच्या समितीच्या शिफारशीवरून १९५७ मध्ये राष्ट्रीय दिनदर्शिका आली. गणित सुधारायला आपण तयार झालो, फळं तपासायला झालो नाही. पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या संस्थांनी ग्रहण रस्त्यावर आणून, सौरचष्मे आणि दुर्बिणी लावून लोकांना दाखवलं, त्याने मात्र फरक पडला. पण गर्भवतीला त्या काळात न हलता, न खाता-पिता, भाजी न चिरता बसवून ठेवणारी घरं आजही आहेत, आणि उपाशी राहणाऱ्या त्या बाईला कोणी काही विचारत नाही.

इथे मी फुल्यांच्या प्रश्नाकडे येतो. कोणती समजूत सोसायची आणि कोणत्या समजुतीशी लढायचं, हे ठरवताना ती खरी की खोटी याबरोबर तिची किंमत कोण मोजतं हे पाहावं. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. जत्रेची तारीख ठरवायला, सावकाश निर्णय घ्यायला, गावातलं भांडण मिटवायला तो लावला जातो तेव्हा फार कोणाचं नुकसान होत नाही. पण सातपुड्यात एखादा भगत गावातल्या बाईचं नाव घेऊन ती डाकीण आहे म्हणतो, तेव्हा तिला मारहाण होते, गावाबाहेर काढलं जातं, जीवही घेतला जातो. अशी बाई बहुतेकदा विधवा असते, एकटी असते, नावावर तुकडाभर जमीन असते. १९७२ ते ७४ दरम्यान परभणी जिल्ह्यातल्या मानवतमध्ये गुप्तधनाच्या आणि मूल होण्याच्या आशेने झालेल्या हत्यांत बळी गेल्या त्या लहान मुली आणि बायका. मेळघाटात पोट फुगलेल्या तान्ह्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याने डागण्या देतात, त्याला डंबा म्हणतात. ते बाळ तर बोलूही शकत नाही.

जटेचं उदाहरण घेऊ. केस नीट धुतले-विंचरले गेले नाहीत, गुंता झाला, त्यात मळ, तेल, धूळ बसली, की त्याची दोरी होते. मग शेजारपाजारची कोणी म्हणते, यल्लम्मा आली, कापू नको. त्या दिवसापासून कंगवा बंद. जट वाढते, पाठीवर येते, ओली झाली की दिवसभर वाळत नाही, उवा होतात, वास येतो, वजनाने मान दुखते आणि झोपताना कूस बदलता येत नाही. एकेकाळी पोरीला जट आली म्हणून तिला देवीला सोडलं जाई. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्या अशा घरी जातात तेव्हा कात्री पिशवीतच राहते. आधी बोलणं. कापली तर नवरा मरेल, घरावर कोप होईल, ही भीती बाईइतकीच सासूला असते, आणि सासूची समजूत पटणं जास्त गरजेचं, कारण पुढे घरात काही बरंवाईट झालं की बोट सुनेकडे वळणार. म्हणून कार्यकर्त्या ज्यांच्या जटा निघाल्या अशा बायकांना सोबत नेतात, वाईट झालं तर दोष आमच्यावर घ्या म्हणतात, पुन्हा पुन्हा येत राहतात. होकार मिळाला की मुळाशी थोडं थोडं कापत जट मोकळी होते. हे सगळं करणाऱ्या बाईला देव आहे की नाही या वादात रस नसतो. समोरच्या बाईची मान दुखायची थांबावी, एवढंच तिला हवं असतं.

मराठवाड्यातल्या भानामतीच्या तपासांतूनही हेच दिसलं. घरावर दगड पडणं, कपडे आपोआप पेटणं, अंगावर फुल्या उमटणं यांमागे प्रत्येक वेळी माणसाचा हात सापडला. आणि तो हात बहुधा त्या घरातल्या सर्वांत दबलेल्या व्यक्तीचा असे: नको असलेलं लग्न झालेली मुलगी, शिक्षण सुटलेला पोरगा, छळ सोसणारी सून. अनुभवी कार्यकर्ते त्या व्यक्तीचं नाव चारचौघांत फोडत नाहीत. भानामती थांबवतात आणि दुखण्यावर इलाज शोधतात, गरज असेल तर मानसोपचाराचा. अंगात येणाऱ्या बाईला खोटारडी ठरवणं सोपं आहे. पण ज्या घरात तिचं ऐकलं जातं ते फक्त अंगात आल्यावर, त्या घराबद्दलही काही बोललं पाहिजे.

असे अघोरी प्रकार रोखणाऱ्या कायद्यासाठी दाभोलकरांनी दीड तप धडपड केली. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्यांची गोळ्या घालून हत्या झाली, आणि चारच दिवसांत वटहुकूम निघाला. डिसेंबरात कायदा झाला. २०१५ मध्ये कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडमध्ये एम. एम. कलबुर्गी, २०१७ मध्ये बंगळुरूत गौरी लंकेश यांनाही गोळ्या घालण्यात आल्या. दाभोलकरांच्या खटल्यात मे २०२४ मध्ये दोघांना जन्मठेप झाली, तिघे निर्दोष सुटले. एका विवेकी माणसाच्या खुनानंतर ज्याची किंमत राज्याला कळली, त्या कायद्यात आहे काय? नरबळी, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, गुप्तधनासाठी अघोरी कृत्यं, करणीचा आरोप करून एखाद्याचं जगणं मुश्कील करणं, चमत्काराच्या नावाने फसवणूक, आणि साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला डॉक्टरकडे जाण्यापासून रोखणं, हे गुन्हे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. वारी, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन यांना तो स्पष्टपणे हात लावत नाही, वास्तू आणि ज्योतिषाच्या सल्ल्यालाही नाही. हा धर्मावर हल्ला आहे असं ज्यांनी वर्षानुवर्षं सांगितलं, त्यांनी कायद्याचं परिशिष्ट वाचायला हवं होतं. त्यात रोख आहे तो देवाच्या नावाने माणसाला छळणाऱ्यावर.

तरीही कायदा गुन्हा घडल्यावर येतो. आधी काय करता येईल, याचं उत्तर मला व्याख्यानांपेक्षा आरोग्य केंद्राच्या फडताळात दिसतं. कोकणातला विंचवाचा मांत्रिक वादविवादात हरला नाही. जवळच्या दवाखान्यात गोळी मिळू लागली, माणसं वाचू लागली, आणि लोकांनी वाट बदलली. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. त्यांतली बहुतेक खेड्यातली, शेतात राबणारी. २०२४ मध्ये केंद्र सरकारने सर्पदंशाविषयी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचे म्हणून. त्यासाठी प्रतिविषाच्या कुप्या तालुक्याच्या गावी असून भागणार नाही. त्या प्राथमिक केंद्रात हव्यात, रात्री दोन वाजता त्या टोचणारा डॉक्टर हवा, श्वास अडला तर काय करायचं हे त्याला शिकवलेलं हवं, आणि पाड्यावरून तिथवर नेणारं वाहन हवं. मेळघाटात आरोग्य खात्याने भुमकांनाच, म्हणजे तिथल्या मांत्रिकांनाच, सोबत घेऊन रुग्ण दवाखान्यात पाठवायला लावण्याचे प्रयत्न केले आहेत. ते मला पटतात. साप चावला की लोक आधी भुमकाच्याच दारात जाणार असतील, तर गाडी बोलवायचा नंबर त्याच्याच दारावर लिहिलेला असावा, आणि त्या नंबरावर कोणीतरी फोन उचलावा.